दाबक्यांचा आकडा

श्रीकांत दाबके पडद्यासमोर उभे राहून काम करीत. त्यांच्या टेबलापाशी खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची छत्री आणि जेवणाचा डबा असे. अमेरिकन कॉलेजांच्या फुटबॉलची चित्रफीत सुरू झाली की ते उजव्या हाताचा अंगठा पुढे करीत आणि पळणाऱ्या खेळाडूच्या काखेतला चेंडू झाकत. चेंडू दिसला की डोळा चेंडूमागे जातो, पाय बघायचे राहून जातात, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसभरात काचेवर अंगठ्याच्या ठशांचा एक पट्टा तयार होई. संध्याकाळी सफाई करणारी बाई तो पुसून जाई आणि जाताना त्यांच्याकडे रागाने बघे.

आमची कचेरी सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागात होती. कंपनी अमेरिकेतल्या संघांना आणि त्यांच्या सल्लागारांना कॉलेजच्या खेळाडूंचे मूल्यमापन विकत असे. तिकडचे शनिवारचे सामने इथे रविवारी दुपारपर्यंत संपत आणि तिकडची माणसे रविवारी झोपेतून उठेपर्यंत आमचे अहवाल त्यांच्यापुढे असत. घड्याळाच्या या सोयीपलीकडे सिंगापूरचा त्या खेळाशी काही संबंध नव्हता. रविवारी सकाळी त्या भागात चिटपाखरू नसे. वातानुकूलित इमारतीत आम्ही काही माणसे, ज्यांच्यापैकी एकानेही तो खेळ कधी खेळलेला नव्हता, दुसऱ्या गोलार्धातल्या मुलांच्या पायांना गुण देत बसलेलो असू.

दाबके रनिंग बॅक या एकाच जागेचे मूल्यमापन पाहत. रनिंग बॅक म्हणजे ज्याच्या हातात मागच्या मागे चेंडू दिला जातो आणि ज्याने समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत फट शोधून पुढे पळायचे असते, तो गडी. त्याचा वेग आणि त्याचे कौशल्य यांना मिळून दहापैकी एक आकडा द्यायचा आणि खाली दोन ओळींचा शेरा लिहायचा, हे काम. मी त्याआधी मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होते. दाबक्यांच्या विभागाच्या शेऱ्यांचे वाचता येईल असे इंग्रजी करणे, हे माझे काम.

पहिल्याच आठवड्यात ते माझा मजकूर घेऊन टेबलाशी येऊन उभे राहिले.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“विजेसारखा निसटतो. विजेला गुडघे असतात का?”

“ती बोलायची एक पद्धत असते.”

“तुमच्या पेपरात असेल. हा पोरगा डावीकडे वळताना कमरेतून उंच होतो, म्हणून त्याला खालून धरता येतं. ते लिहा. वीज काढा, अग्रलेखबाई.”

ते नाव मला चिकटले. कचेरीत मराठी आम्ही दोघेच होतो आणि दाबके मराठीचा उपयोग मुख्यतः अपमानासाठी करीत. चित्रफिती कापून देणारा जेरेमी नावाचा सिंगापुरी चिनी तरुण त्यांच्या हाताखाली होता. काही महिन्यांत तो ‘गाढव’ आणि ‘अक्कल गहाण ठेवली आहे’ हे दोन्ही शुद्ध सदाशिव पेठी उच्चारात म्हणू लागला. पूर्ण वाक्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण तो ते योग्य वेळी वापरी.

दाबके मूळचे मिरजेचे. इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी करून एका बँकेच्या संगणक विभागात सिंगापूरला आले आणि तिथून या कंपनीत. त्याआधी ते खो-खो खेळत. अमेरिकन खेळाचे नियम त्यांनी पुस्तकातून शिकून घेतले, पण पळणाऱ्याबद्दल बोलताना शब्द सगळे खो-खोचे असत. अमुक पोरगा हूल चांगली देतो पण हूल दिल्यावर स्वतःच फसतो. तमुक नुसता सरळ पळतो, त्याला साखळी माहीत नाही. “वेग किती, ते यंत्र सांगतं,” असे ते नव्या माणसाला सांगत. “मैदानावर आडव्या रेघा आहेत, मोजून घ्या. वेग कुठे टाकला आणि परत कुठे उचलला, ते आपण सांगायचं. नुसतं पळतं तर कुत्रंपण.”

त्यांच्या विभागाची एक रीत होती आणि ती इतर कुठल्या विभागात नव्हती. चित्रफीत मूल्यमापनाला येण्याआधी जेरेमीने खेळाडूच्या शिरस्त्राणावर आणि पाठीवरच्या आकड्यावर काळी पट्टी लावायची, गणवेशाचा रंग करडा करायचा. नाव नाही, कॉलेज नाही, आधीचे गुण नाहीत. दोन परीक्षकांनी वेगवेगळे आकडे द्यायचे, मग शेजारी उभे राहून भांडायचे आणि एक आकडा ठरवायचा. यात वेळ फार जाई. बचाव करणाऱ्या खेळाडूंचा विभाग दुपारी जेवायला निघालेला असे तेव्हा आमच्याकडे अजून पट्ट्या लागत असत. वरिष्ठांनी दोनदा सुचवून पाहिले. दाबके म्हणाले, पट्टी काढायची असेल तर मला आधी काढा.

या रीतीमागचे कारण त्यांनी एकदाच सांगितले, तेही मी विचारले म्हणून. आम्ही कचेरीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवत होतो. दाबके भाजी-भाताच्या ताटातून मिरच्या वेचून कडेला रांगेत लावीत होते.

“राज्याच्या संघाची निवड चाचणी होती,” ते म्हणाले. “मी पूर्ण पाळी पळालो. बाद झालो नाही. खुर्च्यांवर तिघं बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. यादी लागली तेव्हा माझ्या जागी एकाचा भाचा होता.”

“वाईट खेळायचा?”

“बरा खेळायचा. चांगला मुलगा होता. पुढे माझ्या लग्नात जेवून गेला.”

“मग राग कुणाचा?”

“त्याच्या मामाचा.”

“ते असतात अजून?”

“वारले,” दाबके म्हणाले. “राग आहे.”

पट्टीमुळे एकदा मोठा प्रसंग उद्भवला. अमेरिकेतल्या एका नामांकित रनिंग बॅकला दाबक्यांनी पाच दिले होते. तिकडच्या वर्तमानपत्रांत तो मुलगा रोज होता. ग्राहकाने थेट बोलणे मागितले आणि पडद्यावर एक लालबुंद गृहस्थ अर्धा तास बोलले. दाबके हातात डबा घेऊन ऐकत होते. शेवटी ते एवढेच म्हणाले, की तो फट उघडल्यावर पळतो, उघडण्याआधी नाही. जोवर त्याच्यापुढची माणसे चांगली आहेत तोवर तो चांगला दिसेल. पुढच्या हंगामात पुढची माणसे बदलली आणि तो मुलगा दिसेनासा झाला. त्याच ग्राहकाने कचेरीत केक पाठवला. कुणीतरी म्हणाले, एका पोराचे करिअर बुडाल्याचा हा केक, खावासा वाटत नाही. दाबक्यांनी दोन तुकडे घेतले.

त्यानंतर कंपनीत त्यांच्या आकड्याला वजन आले. आठ हा आकडा त्यांनी दिलेला माझ्या पाहण्यात नव्हता. सात क्वचित. सहा मिळालेल्या खेळाडूबद्दल जेरेमी म्हणे, “सर इज इन लव्ह.”

दाबके बिशान भागात सरकारी, एचडीबी इमारतीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. पत्नी वैशाली एका फर्ममध्ये अकाउंटंट होत्या. सामने नसलेल्या महिन्यांत रविवारी मी क्वीन्सटाउनहून त्यांच्याकडे कधीकधी जेवायला जाई. तिथेही मूल्यमापन चालू असे. आमटीला साडेपाच. लिफ्टमधल्या शेजाऱ्याच्या इंग्रजीला तीन.

“लग्न ठरताना मला किती दिले होते, ते विचारा यांना,” वैशाली एकदा मला म्हणाल्या.

“तेव्हा पट्टी नव्हती,” दाबके म्हणाले. “त्यामुळे ते मूल्यमापन बाद.”

“बघितलंत? म्हणजे अजून निकालच लागला नाही माझा.”

त्यांची मुलगी इरा तेव्हा माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. शाळेच्या संघातून टच रग्बी खेळे. चेंडू काखेत धरून पळायचे, प्रतिस्पर्ध्याने पाडायचे नाही, फक्त हात लावला की थांबायचे, असा तो खेळ. उंच, सावळी, बोलायला मोकळी मुलगी. आईशी मराठी-इंग्रजी मिसळून बोले, मैत्रिणींशी फोनवर बोलू लागली की मला एक शब्द कळत नसे. प्रत्येक सामन्यानंतर ती मैत्रिणीने काढलेली चित्रफीत घेऊन बापाशेजारी उभी राही.

“किती?”

“साडेपाच.”

“गेल्या वेळी पण साडेपाच होते, बाबा.”

“गेल्या वेळी पण तू हूल दिल्यावर मागे वळून बघितलंस. फसली की नाही ते बघायला. बघायचं नाही. फसली असं धरून पळायचं.”

पुढच्या सामन्यात ती मागे वळून बघत नसे. सहा मिळत. ती स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगे, “सिक्स, ओके. टुडे बाबा व्हेरी हॅपी.”

इराला एका विशिष्ट ज्युनिअर कॉलेजात जायचे होते. तिचे मार्क मध्यम होते. परीक्षेच्या जोरावर ते कॉलेज तिला मिळण्यासारखे नव्हते, खेळाच्या जोरावर मिळण्यासारखे होते. शाळेचे प्रशिक्षक त्या कॉलेजला तीन मुलींची नावे कळवणार होते. संघात त्या तोडीच्या सहा मुली होत्या. वर्षभर त्या घरात दुसरा विषय नव्हता.

दाबके मुलीचे सामने मैदानावर जाऊन बघत नसत. मी त्यांना एकदाच तिथे पाहिले, वैशालींनी आग्रह केला म्हणून. शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला रेन ट्रीची मोठी झाडे होती आणि त्या संध्याकाळी आभाळ भरून आल्यामुळे ते टोक जवळजवळ अंधारात गेले होते. वैशाली कठड्याशी उभ्या राहून फोनवर सामना टिपत होत्या. उत्तरार्धात इराला चेंडू मिळाला. ती त्या झाडांच्या टोकाकडे पळाली, समोरून दोघी आल्या, तिने उजवीकडे खांदा टाकला आणि डावीकडून गेली. त्या दोघी एकमेकींवर आदळल्या. दाबक्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. त्यांचे वजन आधी एका पायावर आणि मग दुसऱ्या पायावर गेले.

स्टेशनकडे चालताना त्यांनी मला विचारले, “तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं. मला त्यातलं कळत नाही. पण छान वाटलं.”

“मलाही छान वाटलं,” ते म्हणाले, आणि थोडे पुढे गेल्यावर, “म्हणून त्याचं काही खरं नाही. मैदानावर बाप बघत असतो.”

पंधरवड्याने प्रशिक्षकांचा निरोप आला. सहा मुली, तीन जागा, पालकांच्या तक्रारी नकोत. इराच्या वडिलांचा व्यवसायच हा आहे असे त्यांना कळले होते. सहाही मुलींच्या चित्रफिती पाठवतो, तुमच्या पद्धतीने पट्टी लावून गुण द्याल का?

त्या रविवारी मी बिशानला होते. वैशालींनी वाढता वाढता हात थांबवला.

“नाही म्हणून कळव. पोरीचा पेपर बाप तपासतो का कुठे?”

“पट्टी असणार आहे.”

“तुला तुझी पोर पट्टी लावून ओळखू येणार नाही?”

“येईल. गुण बदलणार नाहीत.”

“तेच म्हणतेय मी. तू उलटा कमीच देशील.”

“कमी नाही, जास्त नाही. जे आहे ते.”

इरा भात कालवत होती. “लेट हिम लाह, आई,” ती वाक्याला सिंगापुरी ‘लाह’ जोडून म्हणाली. “दुसऱ्या कोणाचे पपा असते तर आय वुड वरी. बाबा कुणाला फुकट देत नाही. मग मला सिक्स मिळाले ना, दॅट्स रिअल सिक्स.”

दाबक्यांनी तिच्याकडे पाहिले. मला वाटते, मुलीने त्यांची केलेली ती सर्वांत मोठी स्तुती होती. त्यांनी त्याच संध्याकाळी होकार कळवला.

प्रशिक्षकांनी पाच मुलींचे चित्रण शाळेच्या चांगल्या कॅमेऱ्याने, एकाच सकाळी केले होते. त्या दिवशी इराला ताप होता. तिच्यासाठी त्यांनी घरून चित्रफीत मागितली आणि वैशालींनी फोनवर टिपलेला तो सामना पाठवून दिला. झाडांच्या टोकाकडची ती धाव त्यातलीच.

जेरेमीने सहाही चित्रफितींवर पट्ट्या लावल्या. तो दुसरा परीक्षक होता. त्या धावेला त्याने सात दिले आणि दाबक्यांनी चार.

“फोर?” जेरेमी म्हणाला. “कॅनॉट लाह, सर. द अदर टू बँग इंटू ईच अदर, यू नो.”

“दुसऱ्या दोघी गाढव आहेत, त्याचे गुण हिला नाहीत.” हे मराठीत. मग त्यांनी चित्र थांबवून एकेक पाऊल पुढे सरकवले. “बघ. वळायच्या आधी. पाय अडला. इथे परत. आणि इथे.”

जेरेमीने वाकून पाहिले. पाय अडलेला होता. पडद्यावर स्पष्ट दिसत होते. वळण्याच्या ऐन क्षणी ती मुलगी किंचित गोठत होती आणि मग झटक्याने पुढे जात होती. जेरेमीने खांदे उडवले आणि चार मान्य केले. शेरा असा होता: वळण्याआधी अडखळते, सवय पक्की झालेली दिसते, सुटणे कठीण. त्याचे इंग्रजी मी केले. दाबके माझ्या टेबलाशी उभे राहून वाचत होते. ‘दिसते’ हा शब्द काढा, असे त्यांनी सांगितले. दिसते म्हणजे शंका आली.

चार हा सहाही जणींत सर्वांत कमी आकडा होता. इराचे नाव गेले नाही. प्रशिक्षक सज्जन होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावले आणि तिला पटावे म्हणून शेरा वाचून दाखवला. तुझ्या वडिलांनाही असेच वाटते, म्हणाले. तिने त्यांचे आभार मानले. हे मला वैशालींनी सांगितले. घरी येऊन तिने बापाला एकच विचारले, “खरंच अडखळते?” ते हो म्हणाले. तिने मान डोलावली. ती रडली नाही, भांडली नाही. त्यानंतर तिने त्यांना चित्रफीत दाखवली नाही, कारण त्यानंतर ती खेळली नाही. परीक्षा होऊन निकाल लागले. ती पॉलिटेक्निकला मालवाहतूक व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला गेली.

इरा तिकडे जाऊ लागल्यावर काही आठवड्यांनी, एका शुक्रवारी जेरेमीने दाबक्यांना हाक मारली. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजकडे कॅमेरे नव्हते. खेळाडूच्या वडिलांनी फोनवर केलेले चित्रण आले होते. संध्याकाळ, मैदानाचे दिवे अपुरे. त्या मुलाचा पायही वळताना अडत होता. जेरेमीला ते ओळखीचे वाटले. त्याने फितीतले चित्र नि चित्र वेगळे करून पाहिले आणि मग न विचारता इराची चित्रफीत काढली.

प्रकार साधा होता. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला कमी चित्रे घेतो. आमची यंत्रणा मोकळ्या राहिलेल्या जागी आधीचेच चित्र पुन्हा लावते. बघणाऱ्याला वाटते, पाय थांबला. मैदानाच्या उजेडातल्या भागात इराचे पाऊल कुठेही थांबत नव्हते. झाडांखाली गेल्यावर थांबत होते, आणि ती वळली होती झाडांखाली. फोनवरची चित्रफीत आली तर आधी चित्रे तपासा, मग बघा, हा आमच्या विभागाचा लेखी नियम होता. दाबक्यांनीच तो केला होता.

त्यांनी जेरेमीला दोनदा दाखवायला लावले. मग ते, एखाद्या कनिष्ठाला विचारावे तसे, म्हणाले, “ही तपासणी का झाली नाही?”

जेरेमीने फीत पुन्हा सुरुवातीला नेली. उत्तर देण्याचे काम त्याचे नव्हते.

दुपारी दाबके माझ्याकडे आले. “इतर पाच फिती तपासल्या नव्हत्या,” ते म्हणाले. “हिचीच तपासली असती तर ती मेहेरबानी झाली असती.”

“इतर पाच फोनवरच्या नव्हत्या.”

“हो,” ते म्हणाले. “ते आता कळतं.”

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी दुरुस्त केलेल्या फितीला पुन्हा गुण दिले. सोमवारी मी नोंद पाहिली. आठ. प्रशिक्षकांना त्यांनी सविस्तर कळवले, चूक कोणाची हेही. प्रशिक्षकांचे उत्तर सभ्य होते. प्रवेश झालेले आहेत, आता काही करता येणार नाही, इराला शुभेच्छा.

हे इराला सांगायला त्यांनी आणखी दोन रविवार घेतले. सांगितले ते जेवताना, मी असताना. बाहेरचे माणूस असले की आवाज चढत नाहीत, एवढा हिशेब त्यात असावा.

“तुझ्या चित्रफितीत दोष होता,” ते म्हणाले. “फोनचा. पाय अडत नव्हता. चार नाहीत, आठ आहेत.”

वैशालींनी चमचा खाली ठेवला.

“ओके,” इरा म्हणाली.

“तुला कळावं म्हणून सांगितलं.”

“तू त्या मॅचला आला होतास ना, बाबा? आईबरोबर. आंटी पण होत्या.”

“होतो.”

“तेव्हा तुला अडखळताना दिसले मी?”

“नाही.”

“देन?”

दाबके पाणी प्याले. “तेव्हा मला वाटलं, मी बाप म्हणून बघतोय.”

“पण तू बाबाच आहेस ना,” इरा म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली नव्हती. एखाद्या परक्या माणसाला पत्ता समजावून सांगावा, तसा आवाज होता. ती ताट घेऊन उठली, ते विसळून ठेवले आणि आपल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाजही आला नाही. वैशालींनी मला विचारले, ताक घेणार का. त्या दुपारी दाबक्यांनी कशालाही गुण दिले नाहीत.

कचेरीत काही बदलले नाही. ते पूर्वीसारखेच उभे राहत, पूर्वीसारखेच बोलत. नव्या माणसांना शिकवताना फोनवरच्या चित्रणाचा दोष कसा ओळखावा यासाठी त्यांनी एक नमुना निवडला आहे. करड्या गणवेशातली, डोक्यावर काळी पट्टी असलेली एक मुलगी झाडांच्या अंधाराकडे पळते. दाबके चित्र थांबवतात आणि विचारतात, किती? नवी माणसे तीन म्हणतात, चार म्हणतात. एखादा धीट असला तर म्हणतो, हिने दुसरा खेळ बघावा. सगळे हसतात. मग ते दोष दाखवतात. ही कोण, हे ते सांगत नाहीत. जेरेमी त्या तासाला खोलीत थांबत नाही, कॉफी आणायला जातो.

गेल्या महिन्यात मी त्यांना बुओना व्हिस्टा स्टेशनवर पाहिले. दोघे होते, दाबके आणि इरा. वैशालींच्या कुणा नातेवाइकाकडे जायचे असावे, दाबक्यांच्या हातात मिठाईची पिशवी होती. मी फलाटावर पुढे, उलट दिशेच्या गाडीची वाट बघत उभी होते. गाडी येऊन थांबलेली होती, दारे बंद होण्याची पिपाणी सुरू झाली, तेव्हा ते दोघे सरकत्या जिन्यावरून खाली उतरत होते. दाबक्यांचे गुडघे आता बरे नाहीत. तरी ते पळाले. पिशवी छातीशी धरून, लोकांच्या मधून वाट काढत ते दारात शिरले आणि वळून त्यांनी हात पुढे केला.

इरा त्यांच्या मागेच होती. तिच्यापुढे फलाट मोकळा होता. चार ढांगांत ती आत गेली असती. ती चालत आली, त्याच चालीने, आणि दारापासून थोड्या अंतरावर थांबली. दाबक्यांनी हात आत घेतला. दारे लागली.

काचेपलीकडे ते तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. गाडी हलली.

तिने मला पाहिले आणि ती हसून माझ्याजवळ आली. “आंटी,” ती म्हणाली, “नेक्स्ट ट्रेन कमिंग लाह. कशाला पळायचं?”